गावच्या घरी तान्हं मूल आणि कमावता मुंबईत: घरात काय तपासायचं, काय बदलायचं

परळ-लालबागच्या चाळीत, दिव्याच्या भाड्याच्या खोलीत किंवा कांजूरमार्गच्या वस्तीत राहून गावच्या घराला पैसे पाठवणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. बायको, आई-वडील आणि पाच वर्षांच्या आतलं मूल गावी आहे. तुम्ही जाणार गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात आठ-दहा दिवस. तेवढ्या दिवसांत घरात काय करून यायचं आणि उरलेलं वर्ष फोनवरून काय सांभाळायचं, ते इथे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात दर हजार जन्मांमागे २८ मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत असल्याचं दिसलं. त्यातली सोळा-सतरा पहिल्या २८ दिवसांतच जातात. कारणं दुर्मीळ रोगांची नाहीत. कमी वजनाचं बाळ गारठतं, छाती भरते, जुलाबात अंगातलं पाणी संपतं, ताप अंगावर काढला जातो. या प्रत्येकाची एक बाजू दवाखान्यात असते आणि दुसरी आपल्या पडवीत, मोरीत, चुलीपाशी. दवाखान्याची बाजू तुमच्या हातात नाही, घराची आहे.

सुरुवात परवानगीपासून

पाण्याच्या हंड्याआधी एक गोष्ट मिटवा. बाळ आजारी पडलं तर निघायचं कुणी ठरवायचं? बऱ्याच घरांत रात्री अकराला बाळ दूध ओढत नाही हे आईला कळतं, ती सासूला सांगते, सासू म्हणते सकाळी बघू, सकाळी मुंबईला फोन लागतो, तो ड्युटीवर असतो, दुपारी उलट फोन येतो. सोळा तास गेले. तान्ह्या बाळाच्या जंतुसंसर्गात सोळा तास फार असतात.

म्हणून गावी गेल्यावर सगळ्यांच्या देखत सांगून टाका: मुलाच्या आईला वाटलं की निघायचं, मला विचारायला थांबायचं नाही. हे तुम्हीच तुमच्या आईला सांगायचं. बायकोच्या तोंडून ते गेलं की उद्धटपणा ठरतो, मुलाच्या तोंडून गेलं की शब्द राहतो. जोडीला येण्याजाण्याचं भाडं आणि दोन दिवसांचं जेवण निघेल एवढी रोकड मुलाच्या आईच्या हाती वेगळी ठेवा. ती बाजाराला मोडायची नाही, मोडली तर पुढच्या मनिऑर्डरीत, आता म्हणजे गूगल पेवर, भरून द्यायची. वाडीतल्या रिक्षावाल्याशी किंवा जीपवाल्याशी आधीच बोलून रात्री येण्याचं ठरवा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला ने-आण करायला १०२. फोनवर आधी गाव, वाडी, जवळचं देऊळ किंवा शाळा सांगायची, मग आजार. नुसतं ‘लवकर या’ म्हणून फोन ठेवला की गाडी पाराशी येऊन थांबते आणि बाळ वरच्या वाडीत असतं.

दरवाजाच्या मागे मोठ्या अक्षरात हे चिकटवा: आशाताईंचा नंबर, जीपवाल्याचा नंबर, १०८, १०२.

पहिले २८ दिवस

बाळंतपण दवाखान्यातच, याबद्दल आता फारसा वाद राहिलेला नाही. घोळ होतो तो घरी आल्यावर.

गारठा हा पहिला शत्रू. कोकणातल्या पावसाळ्यातही अडीच किलोच्या आतलं बाळ सहज थंड पडतं. पाय आणि पोट दोन्हींना हाताची मागची बाजू लावून बघायची. पोट ऊबदार आणि पाय गार असतील तर बाळ गारठू लागलंय, दोन्ही गार असतील तर धोका आहे. टोपडं, मोजे, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे आईच्या उघड्या छातीवर उघडं बाळ, वरून दोघांना एकच शाल. कमी वजनाच्या बाळाला रोज जितके तास जमतील तितके तास असं धरायचं. आजीनं, काकूनं धरलं तरी चालतं, बापानं धरलं तरी चालतं. पहिले २४ तास अंघोळ नाही. बाळ अडीच किलोच्या आतलं असेल तर नाळ पडेपर्यंत नुसतं कोमट फडक्यानं पुसायचं. तेल-मालिशीसाठी उघडं ठेवून अर्धा तास चोळणं मोठ्या, धडधाकट बाळाला सोसतं, लहान बाळाला नाही.

शेक-शेगडीचं नीट ऐका. बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवून ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून दारं लावायची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. ऊब हवी हे खरं, पण बंद खोलीतल्या निखाऱ्यांतून विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो. धुरीनं बाळाची नाजूक श्वासनळी सुजते ती वेगळीच. आईला शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या. शेगडी अंगणात.

दूध जन्मानंतर तासाभरात, पहिलं पिवळसर चिकाचं दूध धरून. ते पिळून टाकायचं नसतं, रोगाशी लढणारी द्रव्यं त्यातच असतात. मग सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही. आणि इथे सहाण येते. जायफळ, वेखंड, हळकुंड, बदाम उगाळून घुटी देतात ती सहाण ओट्यावर उघडी पडलेली असते. कालचा लेप खरवडल्याशिवाय तिच्यावर आजचा चढतो, त्यात कुठलंही पाणी, आणि ते बोटानं बाळाच्या जिभेवर. दोष एकट्या जायफळाचा नाही, त्या दगडावरच्या ओलाव्यात वाढलेल्या जंतूंचा आहे. सहा महिने सहाण फडताळात ठेवा. मध वर्षभर नाही, त्यातल्या एका जंतूचं विष तान्ह्याच्या स्नायूंना लुळं करू शकतं. नाळेला हळद, राख, तेल, शेण काही नाही, ती कोरडी राहू द्यायची, लंगोट तिच्या खाली दुमडायचा. डोळ्यात काजळ नाही. दृष्ट लागू नये म्हणून हवंच असेल तर तळपायाला तीट लावा, देवाचीही हरकत नसावी.

पाचवीला आणि बारशाला घर भरतं. खोकला-सर्दी असलेल्यांनी बाळ उचलायचं नाही, पापा घ्यायचा नाही. मुंबईहून रात्रभर गाडीत खोकत आलेले पाहुणे पहिले, म्हणजे तुम्हीसुद्धा.

आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या वजन करतात, ताप मोजतात, श्वास मोजतात. त्यांना दारातून चहा देऊन परत पाठवू नका, बाळ उघडं करून दाखवा. या भेटींचं मूळ आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीत गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. घरात राहून हे होतं, हा त्याचा अर्थ.

ताबडतोब निघायची लक्षणं: बाळ ओढून पीत नाही, रडणं क्षीण झालं, अंग गार किंवा कढत, झटके, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, फासळ्यांखाली खड्डा पडतो, नाळेभोवती लाली किंवा पू, तळहात-तळपाय पिवळे. जायचं जवळच्या ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात, जिथे नवजात बाळांचा कक्ष आहे तिथे. ‘थेट परळला आणतो’ हा हट्ट मुंबईकर बापांचाच असतो. सहा-सात तास गाडीत गारठलेलं, उपाशी बाळ परळच्या वाडिया मुलांच्या हॉस्पिटलच्या दारात पोचतं तेव्हा वाटेतच निम्मी लढाई हरलेली असते. आधी जवळ नेऊन स्थिर करा, पुढे पाठवायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. वाटेत बाळ आईच्या छातीला.

पाणी: हंडा, ओगराळं आणि विहीर

घराला स्लॅब पडतो, दर्शनी टाइल्स लागतात, टीव्ही येतो. पिण्याच्या पाण्याचा हंडा मात्र जमिनीवरच, आणि तांब्या आत बुडवलेला. विहिरीवर पाणी चांगलं असलं तरी ते घरात नासतं ते इथे. तांब्या धरणारी बोटं पाण्यात जातात, त्या बोटांवर गोठा असतो, लंगोट असतो.

करायचं ते असं. पिण्याचं पाणी गुडघ्याच्या वर उंच, झाकलेलं, आणि शक्यतो तोटीच्या भांड्यात. मातीचा माठ असेल तर तोटीवाला घ्या, नाहीतर स्टीलची तोटीची टाकी मुंबईहून न्या. हंडाच वापरायचा तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते भिंतीला खिळ्यावर लटकवा, हंड्यावर आडवं नाही. हंडा रोज रिकामा करून राखेनं किंवा साबणानं आतून घासायचा. आतला बुळबुळीत थर बोटाला लागला तर तो तीन दिवस घासलेला नाही.

गाळणं म्हणजे शुद्ध करणं नव्हे. दुहेरी सुती फडक्यानं गाळ आणि किडे जातात, जंतू जात नाहीत. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू बऱ्यापैकी तसेच राहतात. दोन खात्रीचे मार्ग आहेत. उकळणं: खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, मग त्याच भांड्यात झाकून गार करायचं. उकळून दुसऱ्या, न धुतलेल्या कळशीत ओतलं की केलेलं पाण्यात. दुसरा मार्ग क्लोरीन: आरोग्य केंद्रातून मिळणारं द्रावण किंवा गोळी, वेष्टनावर लिहिलेल्या मापानं, आधी पाणी गाळून, नंतर अर्धा तास थांबून. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळाशीच लढण्यात खर्च होतं, म्हणून पहिल्या पावसात गोळी टाकूनही जुलाब होतात आणि लोक गोळीला नावं ठेवतात.

परसातली खासगी विहीर असेल तर तिच्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, घालायचं काम तुम्हीच करा. सार्वजनिक विहिरीचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं आहे. हिशेब सोपा आहे. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, पाण्याची खोली मीटरमध्ये. ३.१४ गुणिले व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, भागिले ४, हे झाले घनमीटर. एक घनमीटर म्हणजे १००० लिटर, आणि दर १००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली पावडर. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी असेल तर १४ घनमीटर, म्हणजे १४,००० लिटर. पावडर ३५ ग्रॅम. वाण्याच्या काट्यावर तोलून घ्या, मुठीनं नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो, तो विहिरीत टाकायचा नाही, पाणी जड होतं. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीनं पाण्याखाली सोडायची आणि वरखाली, आडवीतिडवी हलवायची. तासभर उपसा बंद. म्हणून हे रात्री झोपताना करतात. सकाळी जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट करून घ्या, फिकट पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे.

यात चुकतं ते पावडरीपाशी. पिशवी उघडी राहिली, ओल लागली की महिन्याभरात तिची ताकद उतरते, मग ३५ ग्रॅम घाला नाहीतर ७०, ती नुसती पांढरी माती. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवा. नाकाला झणझणीत वास येत नसेल तर फेकून द्या.

हात धुण्याचं एका वाक्यात होत नाही. साबण मोरीत असतो आणि हात धुवायची गरज पडते परसात, चुलीपाशी, पाळण्यापाशी. उन्हाळ्यात दीड किलोमीटरवरून पाणी आणणारी बाई हातावर तांब्याभर पाणी ओतणार नाही, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापल्या सुईनं तीन-चार भोकं पाडा, बाटली उलटी टांगा, शेजारी जुन्या मोज्यात साबण बांधा. पेलाभर पाण्यात चार जणांचे हात होतात. एक बाटली संडासाच्या दाराशी, एक चुलीजवळ. बाळाची शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी, या दोन वेळा कधीही चुकवायच्या नाहीत.

तान्ह्याची शी ‘दुधाचीच तर आहे’ म्हणून उकिरड्यावर किंवा गटारात टाकतात. ती मोठ्यांच्या विष्ठेइतकीच जंतूंनी भरलेली असते. ती संडासातच गेली पाहिजे. लंगोट धुतलेलं पाणीसुद्धा.

चूल

धुराच्या घरात मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. उज्ज्वला योजना २०१६ ला आली, सिलिंडर बहुतेक घरांत पोचला, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. भाकरी चुलीवर, अंघोळीचं पाणी चुलीवर. गावच्या घरात लाकडाचा मोठा खप अंघोळीच्या पाण्याला होतो, आणि ही पाणचूल पुष्कळदा झोपायच्या खोलीला लागून असते. ती मागच्या दाराबाहेर, वर पत्रा टाकून, वाऱ्याच्या खालच्या अंगाला हलवा. एका दिवसाचं काम आहे. मग आतल्या चुलीवर धूर उरतो तो फक्त भाकरीचा. ज्या महिन्यात घरात तान्हं आहे त्या महिन्यांत सिलिंडर भरायचे पैसे वेगळे पाठवा आणि ‘गॅस भरला का’ हा प्रश्न फोनवर विचारा. बाळाला पाठीशी बांधून चूल फुंकणं बंद.

जुलाब

घरात कायम ओआरएसची चार पाकिटं आणि जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या १४ गोळ्या. आशाताईंकडे मोफत मिळतात.

पाकीट एक लिटरचं की २०० मिलीचं ते आधी वाचा. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होऊन मूल आणखी सुकतं. उलट अर्धं पाकीट दोन लिटरमध्ये घातलं तर उपयोग नाही. मोजायला स्टेशनवर घेतलेली एक लिटरची पाण्याची बाटली जपून ठेवा, घरात तिच्याइतकं खात्रीचं माप दुसरं नसतं. अख्खं पाकीट, अख्खी बाटली, एकाच वेळी. केलेलं पाणी २४ तास चालतं, नंतर ओतून नवं. दोन महिन्यांखालच्या बाळाला दर जुलाबामागे पाच चमचे आणि लगेच दवाखाना, दोन वर्षांपर्यंत पाव ते अर्धा कप, पुढे अर्धा ते एक कप. चमच्यानं, दर एक-दोन मिनिटांनी. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी हळू. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. दुकानात गोड टेट्रापॅक मिळतात त्यात साखर भरमसाठ असते. सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२५ मध्ये बंदी घातली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलंच घ्या.

झिंक जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम म्हणजे २० ची अर्धी गोळी, सहा महिन्यांपुढे २० मिलिग्रॅम, आईच्या चमचाभर दुधात विरघळवून. लोक तिसऱ्या दिवशी सोडतात. पूर्ण केलं तर पुढच्या दोन-तीन महिन्यांतले जुलाबही कमी होतात.

दूध-जेवण बंद करायचं नाही. ‘पोटाला आराम’ मोठ्या माणसाला परवडतो. निघायचं कधी: शीमध्ये रक्त, डोळे खोल, चिमटीत धरलेली पोटाची कातडी हळू मागे जाते, सुस्ती, सहा तास लघवी नाही.

ओआरएसची ताकद १९७१ मध्ये दिसली. बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचं सलाईन संपलं आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटायला लावलं. मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले.

छाती भरली की नुसता खोकला?

छाती भरण्याला, म्हणजे न्यूमोनियाला, काही भागांत डबा म्हणतात आणि पोटावर बिब्बा किंवा डागण्या देतात. डागलेल्या मुलाचा न्यूमोनिया तसाच राहतो, वर जखम चिघळते.

श्वास मोजा. मूल शांत किंवा झोपलेलं, झबलं वर सरकवलेलं, मोबाईलचं स्टॉपवॉच पूर्ण एक मिनिट. पोट एकदा वर आलं की एक. रडताना, पिताना मोजलेला आकडा फुकट. दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०: एवढे किंवा जास्त आले तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र. फासळ्यांखालचा भाग श्वासासोबत आत ओढला जात असेल, ओठ निळे असतील तर त्याच तासाला. व्हिडिओ कॉलवर तुम्हालाही मोजता येतं, फक्त फोन चेहऱ्यावर न धरता कशाला तरी टेकवून छाती-पोट दाखवायला सांगा.

सहा महिन्यांनंतरची वाटी

उष्टावण थाटात होते आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाला डाळीचं पाणी सुरू होतं. मुलं सुकतात ती इथून. डाळीच्या वरच्या पाण्यात पाणीच असतं. पोट दोन घोटांत भरतं आणि अंगाला काही लागत नाही. खूण एकच: चमचा तिरका केला तर अन्न ओघळता कामा नये.

पेजेची वाटी अशी करा. दोन चमचे तांदूळ, एक चमचा मुगाची डाळ मऊ शिजवून, चमच्यानं घोटून, वर एक चहाचा चमचा तेल किंवा तूप. तेल हे विसरायचं नाही, लहान पोटात जास्त ताकद कोंबायचा तोच स्वस्त मार्ग. अंडं असेल तर अर्धं कुस्करून. किनारपट्टीला जवळा किंवा सुकट: दोन-तीन पाण्यांत वाळू आणि मीठ जाईपर्यंत धुवा, वाळवा, कोरडी भाजून बारीक पूड करा, हवाबंद बरणीत ठेवा, वाटीत अर्धा चमचा. रोजचा मांसाहार परवडत नाही त्या घरात ही पूड सोन्यासारखी आहे.

नाचणीच्या सत्त्वात खरी करामत मोडांची आहे. नाचणी रात्रभर भिजवून, ओल्या फडक्यात बांधून दिवसभर मोड आणा, सावलीत वाळवा, अगदी हलकी भाजून दळा. मोड येताना पिष्ट फोडणारं द्रव्य तयार होतं. घट्ट शिजलेल्या खिमटीत कोमट असताना याचं चमचाभर पीठ ढवळलं की ती दहा मिनिटांत सैल होते, मग पुन्हा एक उकळी काढायची. पाणी न वाढवता गिळायला सोपी झाली, म्हणजे त्याच वाटीत दुप्पट पीठ बसतं. जास्त भाजलं की हा गुण जातो आणि उरतं साधं पीठ.

किती द्यायचं: सहा ते आठ महिने, दोन-तीन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिने, अर्धी वाटी, तीन-चार वेळा. वर्षापुढे पाऊण ते एक वाटी, तीन जेवणं आणि मध्ये एक-दोन खाणी. वाटी २५० मिलीची. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालूच. मुलाची वाटी वेगळी असावी. सगळ्यांच्या ताटातून घास-घास खाणारं मूल किती जेवलं हे कुणालाच माहीत नसतं. चहात बुडवलेलं बिस्कीट हे जेवण नाही, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. शेंगदाणे, फुटाणे, सुपारी पाच वर्षांखाली अख्खं नाही, श्वासनळीत अडकतात. कूट द्या.

वजन पाचव्या महिन्यात जन्माच्या दुप्पट, वर्षाला तिप्पट व्हायला हवं. अंगणवाडीत दंडाची रंगीत पट्टी असते, सहा महिन्यांपुढच्या मुलासाठी: ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, १२.५ पर्यंत पिवळी. लाल आली किंवा पायावर अंगठा दाबून खळगा राहिला तर घरगुती खुराकावर विसंबू नका, पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करा. त्या अवस्थेत एकदम पोटभर जेवण घालणंही जिवावर बेततं.

दोन बाळांमधलं अंतर

आधीचं मूल दोन वर्षांचं होईपर्यंत पुढच्याचा विचार नको. अंतर कमी पडलं की पोटातलं बाळ कमी वजनाचं होतं आणि मांडीवरच्याचं दूध तुटतं, दोघंही धोक्यात. सुट्टीला जाणाऱ्या नवऱ्यानं याची सोय मुंबईहून निघतानाच करायची असते. गरोदरपणात १८० लोहगोळ्या, बाळंतपणानंतर पुन्हा १८०. पोटात मळमळतं म्हणून बंद करण्याऐवजी रात्री जेवून झाल्यावर घ्यायला सांगा.

झोपायची जागा आणि उघडं पाणी

रात्री जमिनीवरच्या गोधडीत मण्यार शिरते, तिचा दंश मुंगी चावल्याइतकाच जाणवतो. खाट, आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, यांनी साप, विंचू आणि डास तिघांचाही बंदोबस्त होतो. रायगड-रत्नागिरीतला लाल विंचू लहान मुलाचं हृदय धरतो. दंशानंतर घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय दिसले तर मांत्रिकाकडे मिनिट घालवायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध यावर वापरून दाखवल्यापासून ही मुलं वाचू लागली, पण औषध वेळेत पोटात जायला हवं.

रांजण, हौद, बादली: रांगणाऱ्या मुलाला वीतभर पाणी बुडायला पुरतं. झाकण लावा, विहिरीला कठडा घाला.

मुंबईहून काय न्यावं

तोटीची टाकी, मच्छरदाणी, डिजिटल थर्मामीटर, नखं कापायचं यंत्र, साबण, घट्ट झाकणाचे डबे. नेऊ नये: दुधाची बाटली आणि दूध पावडर. क्रॉफर्ड मार्केटची रंगीत बाटली ही कौतुकाची भेट असते, पण तिचं बूच आतून घासलं जात नाही आणि पावडर पुरवायला पाण्यात पातळ केली जाते. वरचं द्यायची खरंच वेळ आली तर वाटी-चमचा किंवा बोंडलं, उकळून.

फोनवर काय विचारावं

‘बाळ बरं आहे ना?’ याला उत्तर ‘हो’ असंच येतं. म्हणून असं विचारा: काल काय काय खाल्लं आणि किती वाट्या? दिवसात लघवी किती वेळा झाली? आठवडाभराच्या तान्ह्याला सहा तरी व्हायला हव्यात. या महिन्याचं वजन किती भरलं? कार्डावर पुढच्या लसीची तारीख कुठली? कार्डाच्या पानांचा फोटो काढून तुमच्या मोबाईलमध्ये ठेवा.

लस ६, १०, १४ आठवडे, ९ महिने आणि १६ ते २४ महिने या वेळांना. गोवर-रुबेलाचा नवव्या महिन्याचा डोस घेऊन दुसरा विसरणारी घरं पुष्कळ. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली तेव्हा मुलं गेली. आणि गोवर गाडीचं तिकीट काढूनच गावी जातो. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोसही त्याच कार्डावर लिहितात.

दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जाणाऱ्या किंवा सुट्टीत बायको-मुलांना खोलीवर बोलावणाऱ्या घरांनी कार्ड पिशवीत वरच ठेवावं. पालिकेच्या कुठल्याही आरोग्य केंद्रात पत्ता कुठलाही असला तरी लस मोफत मिळते, तारीख चुकलेली असली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला डोस पुढे देतात. तिथे विचारायचं एवढंच: आज कुठली देताय, पुढची कधी, आणि ती गावच्या आशाताईंना कळावी म्हणून कार्डावर शिक्का मारून द्या.